नोकरी सांभाळून कॉलेजला निघालेल्या भाचीला

पोरी, पुन्हा शिकायचं ठरवलंस हे ऐकून फार बरं वाटलं. तुझ्या डोक्याची मला काळजी नाही, ते लहानपणापासून गरजेपेक्षा जास्तच चालतं. पण अभ्यासकेंद्राच्या टेबलामागे बसून मी नोकरीवाली माणसं येताना पाहिली आणि मध्येच गळतानाही पाहिली. ती अवघड धड्यावर क्वचित अडली. अडली ती तारखेवर, कागदावर आणि घरी न बोललेल्या गोष्टीवर. ऑफिसातल्या मैत्रिणीही विचारतायत म्हणालीस, म्हणून सरकारी-खासगी सगळ्यांचंच लिहिते.

१. आधी ऑफिसात विचार, मग कॉलेजात — कुठल्या पदवीवर कुठली बढती मिळते ते सेवानियमात नाहीतर एचआरच्या कागदावर लिहिलेलं असतं, आणि शेजारच्या टेबलावर सांगतात त्याहून ते बरेचदा वेगळं निघतं. पदवी टांगायची भिंतीवर, बढती टांगलेली नियमावर.

२. सरकारी नोकरीत असलेल्या मैत्रिणीला सांग, प्रवेशाआधी लेखी परवानगी घे — तोंडी ‘हो’ म्हणणाऱ्या साहेबांची बदली होते, कागदाची होत नाही.

३. दूरशिक्षणाचा कोर्स घेणार असलीस तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघ: विद्यापीठाचं नाव, कोर्सचं नाव आणि ज्या सत्रात प्रवेश घेतेयस ते सत्र — विद्यापीठ मान्यताप्राप्त असलं तरी त्याच्या एकूणएक कोर्सला मान्यता असतेच असं नाही. आधी मान्यता पाहावी, मग मान डोलवावी.

४. ‘आम्ही सगळं करून देतो, तुम्ही फक्त पैसे भरा’ म्हणणाऱ्या क्लासवाल्याला दारातूनच नमस्कार कर — दूरशिक्षणात विद्यापीठाला फ्रँचायझी देता येत नाही, आणि फी विद्यापीठाच्याच खात्यात गेली पाहिजे.

५. इंजिनिअरिंगची पदवी घरबसल्या मिळते असं कुणी सांगितलं तर तिथून उठ. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभिमत विद्यापीठांच्या अशा दूरशिक्षणातल्या पदव्यांवर निकाल दिला, आणि त्या पदव्यांच्या जोरावर नोकरीत वर चढलेली माणसं मोठ्या अडचणीत आली. डिप्लोमा झालेल्या तुझ्या मैत्रिणीने नोकरदारांसाठी एआयसीटीईने मान्य केलेले, कॉलेजात जाऊन करायचे कोर्स शोधावेत — प्रयोगशाळेत उभं राहण्याला पर्याय नाही, तो तिने मागूही नये.

६. ‘बाहेरून केलीस का?’ असं कुणी नाक मुरडून विचारलं तर शांत राहा — मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नेहमीच्या कॉलेजातल्या पदवीच्या बरोबरीची धरायची, असं यूजीसीने २०२२ साली पुन्हा स्पष्ट केलंय. इग्नू १९८५ पासून आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून तुझ्यासारख्यांसाठीच उभं आहे.

७. २०२२ पासूनच एका वेळी दोन पदव्या करायची मुभाही मिळालीय, पण तुझ्यापुरती ती नाही असंच समज — नोकरी आणि घर ही तुझी दोन कामं आधीच चालू आहेत.

आता कागदांचं. इथे मी जरा जास्त बोलणार, ऐकून घे.

८. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, शेवटची पदवी, आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक एका ओळीत मांड, आणि प्रत्येकावरचं नाव बोट ठेवून वाच. लग्नानंतर आधारवर आडनाव बदललंस, गुणपत्रिकेवर माहेरचंच आहे. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर. कुठे ‘वैशाली’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. दूरशिक्षणाच्या प्रवेशाला आता क्रेडिट बँकेचा एबीसी क्रमांक आणि यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा डेब आयडी लागतो, आणि ते दोन्ही आधारवरच्या नावाला धरून चालतात. म्हणून विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र अर्ज भरायच्या आधीच हाताशी ठेव — एका अक्षरासाठी सहा महिन्यांचं सत्र हातचं गेलेल्या बायका माझ्यासमोर रडल्यात, आणि त्यात त्यांची चूक काही नव्हती.

९. मधल्या वर्षांचं गॅप सर्टिफिकेट लागेल का, जुन्या विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र लागेल का, हे पहिल्याच फेरीत विचार — जुन्या विद्यापीठातून कागद यायला वेळ लागतो, आणि प्रवेशाची मुदत त्याची वाट बघत नाही.

१०. सगळे कागद स्कॅन करून फोनमध्ये ठेव, शिवाय मेलवरही टाक. फाईलच्या नावात नुसतं ‘स्कॅन १’ लिहू नकोस, कागदाचं नाव लिही — रात्री अकराला अर्ज भरताना दाखल्याच्या जागी विजेचं बिल चढतं.

११. प्रवेश, पुढच्या वर्षाची किंवा सत्राची पुनर्नोंदणी आणि परीक्षेचा अर्ज ही तीन वेगळी दारं आहेत, प्रत्येकाची तारीख आणि फी वेगळी. तिन्ही तारखा कालनिर्णयवर लाल पेनाने लिही — फी भरली म्हणजे परीक्षेला नाव आपोआप लागलं, असं समजणाऱ्यांची हॉलतिकीटं निघत नाहीत.

१२. दर रविवारी चहाबरोबर विद्यापीठाचं संकेतस्थळ उघड — नोटीस वाचेल त्याची फेरी वाचेल.

१३. पावती कुठलीही असो, फोटो काढ — पैसे कापले गेले आणि अर्ज पोचला नाही, की त्या फोटोवरच भांडता येतं.

१४. कोर्स घेण्याआधी क्रेडिट मोज. इग्नूच्या हिशेबात १ क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. म्हणजे ४ क्रेडिटचा एक पेपर १२० तास, असे पाच पेपर ६०० तास. ते २६ आठवड्यांत बसवलेस तर आठवड्याला २३ तास होतात. लोकलचा प्रवास, ऑफिस आणि मुलांची शाळा धरून एवढे तास निघतात का ते कागदावर मांड, आणि निघत नसतील तर नियमात बसत असेल तसे पेपर कमी घेऊन कमाल मुदतीपर्यंत लांबव — मुदत त्यासाठीच दिलेली असते.

१५. पहाटेचा असो की रात्रीचा, एक तास ठरव आणि तो घरात सगळ्यांसमोर मोठ्याने जाहीर कर. त्या तासात कुकर कोण लावणार, तेही त्याच वेळी ठरव — न सांगितलेला अभ्यास घरच्यांना मोकळा वेळ वाटतो, आणि मोकळ्या बाईला काम सांगायची आपल्याकडे रीतच आहे. सासूबाईंना मदत मागायला लाजू नकोस, त्यांचंही शिक्षण कुठेतरी अर्धं राहिलेलं असेल.

१६. रोज दोन पानं हाताने लिही. दहा वर्षं तू कीबोर्ड बडवलायस, मधल्या बोटावरचा पेनाचा घट्टा कधीच गेलाय. पहिल्या आठवड्यात अंगठ्याखाली दुखेल, अक्षर पायऱ्या उतरत जाईल, तरी थांबू नकोस — तीन तासांच्या पेपरात उत्तर येत असून हात अडल्यामुळे शेवटचा प्रश्न राहून जातो, आणि ते फार जिवाला लागतं.

१७. गृहपाठ वेळेत दे आणि स्वतः लिही. इग्नूच्या बऱ्याच कोर्सांत ३० टक्के गुण त्याचेच असतात — आणि विकत आणलेली उत्तरं तपासणाऱ्याला पहिल्या ओळीत ओळखू येतात.

१८. संपर्कसत्राला जमेल तेवढं जा, आणि तिथल्या बावीस-तेवीसच्या पोरींशी मैत्री कर — त्यांच्याकडे नोट्स असतात, तुझ्याकडे कामाचा अनुभव, दोघींचं भागतं.

१९. वयाची लाज तर मुळीच धरू नकोस. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी सोडून १९२० साली अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायला लंडनला परत गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. पुढे १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले — तू ज्या वाटेने चाललीयस ती आपल्याकडे चांगली मळलेली आहे.

२०. कर्ज काढावं लागलं तर बँकेचंच शैक्षणिक कर्ज घे, क्रेडिट कार्डावर फी ओढू नकोस — शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत वजावट मिळते.

२१. परीक्षेचं वेळापत्रक लागलं त्याच दिवशी रजेचा अर्ज दे, आणि पेपरच्या आदल्या रात्री पुस्तक मिटून झोप — जागलेल्या डोळ्यांना सोपा प्रश्नही तिरका दिसतो.

२२. एखादा पेपर राहिला तर रडायला एक संध्याकाळ घे, मग पुढच्या परीक्षेचा अर्ज कधी सुटतो ते बघ — राहिलेला पेपर नंतर सुटतो, सोडलेला कोर्स पुन्हा धरवत नाही.

२३. निकाल लागला की पेढे वाट, पण गुणपत्रिकेवर थांबू नकोस. पदवी प्रमाणपत्राचा अर्ज वेगळा भरायचा असतो, तो भर. मग त्याची साक्षांकित प्रत अर्जासोबत ऑफिसात दे, तुझ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घे, आणि महिन्याभराने सेवापुस्तकात नाहीतर एचआरच्या फाईलमध्ये नोंद झाली का ते स्वतः जाऊन बघ — बढतीची यादी करणारा माणूस तेच पान उघडतो.