रबर आधी, रिमॅप मग

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

चि. सायली हिस,


गाडीत करायच्या बदलांची तुझी यादी मिळाली. स्कोडा ऑक्टेव्हिया काँबी घेतलीस याचा मला आनंद आहे आणि तो आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सगळा विरोधच वाचायला मिळणार आहे. आपल्या लोकांनी स्टेशन वॅगनला कधी जवळ केलं नाही. टाटा एस्टेट आली, बलेनो अल्टुरा आली, इंडिगो मरिना आली. बघणाऱ्यांनी ‘मागं हे काय बांधलंय’ म्हणून नाकं मुरडली आणि गाड्या गेल्या. स्कोडाने संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात २००१ पासून ऑक्टेव्हिया जुळवायला घेतली, तीही दिसायची ती डिकीवालीच. काँबी फार थोड्यांनी घेतली, त्यात १.८ टर्बो पेट्रोल तर आणखी थोड्यांनी. दीडशे हॉर्सपॉवर, एका सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, मागे ५४८ लिटर जागा, सीटं पाडली तर १५१२. आजीची खुर्ची, आंब्याच्या पेट्या आणि तुझा तो कुत्रा सगळं घेऊन पळणारी गाडी आहे. चांगली निवड केलीस.

आता यादी. रिमॅप (इंजिनाच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलणं), मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, उघडा एअर फिल्टर, सतरा इंची अलॉय, खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, एलईडी हेडलाइट, मागे स्पॉयलर. बजेट दीड लाख. शिवाय रिमॅपवाल्याला पाच हजार आगाऊ देऊन मोकळी झालीस.

या यादीत रबराची एकही वस्तू नाही, आणि वीस वर्षांच्या गाडीत म्हातारं होतं ते रबर. लोखंडाचं मला विचार, आयुष्य त्यातच गेलं. तुझ्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे. तेल-पाणी वेळेवर मिळालं असेल तर त्याला काही धाड भरलेली नाही. पण टायर, बुश, इंजिनाचं माउंटिंग, टर्बोचे पाइप, ब्रेकचे होज, टायमिंग बेल्ट, दारांची रबरं, ही सगळी किलोमीटर मोजत नाहीत, वर्षं मोजतात. गाडी सत्तर हजारच चाललीय म्हणून तू खूश आहेस. मला उलटी काळजी वाटते, कारण कमी चाललेली गाडी म्हणजे जागेवर उभी राहून वाळलेलं रबर.

टायमिंग बेल्टपासून धर. आधीच्या मालकाकडे बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच समजायचं. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो, आणि इथे व्हॉल्व्ह वीस आहेत. हेड उतरवावं लागतं, तुझं दीड लाखाचं बजेट त्यातच संपतं. बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप एकदमच टाक. पंपाचं पातं प्लॅस्टिकचं असेल तर धातूच्या पात्याचा घे. प्लॅस्टिकचं पातं तुटून इंजिन तापल्याच्या तक्रारी या इंजिनांच्या घराण्यात जुन्या आहेत. गाडीला पहिली बढती मिळते ती इथे, आणि ती कुणाला दिसणार नाही.

दुसरं म्हणजे हवा. तू लिहितेस की गाडी तीन हजार आरपीएमनंतर थोडी आळसावते, म्हणून रिमॅप हवा. अगं, आळसावते कारण गळते. टर्बोने दाबलेली हवा इंटरकूलरमधून इंजिनात जाईपर्यंत वाटेत किती होज आणि किती क्लिपा आहेत ते बोनेट उघडून मोज. त्यात डायव्हर्टर व्हॉल्व्ह नावाचा एक लहानसा डबा असतो, आत रबरी पडदा. तो फाटला की दाब परत मागे जातो. क्रँककेसचे श्वासाचे पाइपही तडकतात, हात लावला की बिस्किटासारखे चुरतात. चांगल्या गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घे. धूर जिथून बाहेर येईल तिथे तुझी गेलेली ताकद आहे. मग चार प्लग आणि चार कॉइल. कॉइल हे या इंजिनाचं जुनं दुखणं. चेक-इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर गाडी बाजूला घे, तशीच दामटलीस तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खाऊन टाकतं. एवढं झालं की गाडी पुन्हा दीडशेची होईल. तू घेतलेली गाडी दीडशेची नाहीच, कितीची आहे देव जाणे. त्यावर रिमॅप करून ती एकशे नव्वदची होणार हा हिशेब कुठल्या आकड्यावर मांडलास?

युरोपात हेच इंजिन ऑक्टेव्हियाच्या आरएस आवृत्तीला एकशे ऐंशीचं होतं, असं तू ठासून लिहिलंयस. होतं. पण कंपनीने ताकद वाढवली तशा पुढच्या डिस्कही ३१२ मिलिमीटरच्या दिल्या. तुझ्या गाडीच्या डिस्कला टेप लावून बघ, मग बोलू. इंजिन, टायर आणि ब्रेक या तिघांत ब्रेक शेवटचा राहता कामा नये.

त्यामुळे दीड लाखातला मोठा वाटा मी चाकांपाशी खर्च करीन. टायरच्या कडेवर डीओटीच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा-सात वर्षांपलीकडचा टायर असेल तर नक्षी कितीही खोल असू दे, काढायचा. पावसात गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना नक्षी नाही, रबराचा मऊपणा धरून ठेवतो. सोळा इंचाचे चार चांगले टायर तीस-पस्तीस हजारांच्या घरात येतील. साइझ आणि हवेचा दाब पेट्रोलच्या झाकणाच्या आत छापलेला आहे. भरल्या गाडीचा दाब वेगळा दिलाय तोही वाच, वॅगनला तो लागतो. सतराचं अलॉय म्हणजे रबराची भिंत आणखी पातळ. आपल्या रस्त्यांवर त्याचा एकच शेवट ठरलेला आहे.

ब्रेकचं ऑइल हवेतली ओल पितं. कोकणात उतरणाऱ्या गाडीला ते फार महत्त्वाचं, कारण घाटात ब्रेक तापले की त्या ओलीची वाफ होते आणि पॅडल खाली जातं. दर दोन वर्षांनी बदल. चांगल्या कंपनीचे पॅड, नव्या डिस्क आणि चारही चाकांचे रबरी होज घाल. भुईबावडा असो की करूळ, उतार तिसऱ्या-दुसऱ्या गिअरवर उतरायचा हे तुला सांगायला नको, तरी सांगतो.

मग शॉकअप, त्याच्या वरचं माउंटिंग, लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, मागच्या बीमचे बुश. हे सगळं एका दमात करून घ्यायचं आणि नंतर अलाइनमेंट. एकेक सुटं बदलत गेलं की मजुरी चारदा जाते. स्प्रिंगा मूळच्याच उंचीच्या ठेव. तुझी गाडी डिकी भरून चालणार, मागे दबणार. त्यात खाली बसवलीस तर स्पीडब्रेकरवर तेलाचा ॲल्युमिनियमचा सम्प घासेल, आणि सम्प फुटला तर दोन मिनिटांत इंजिन जातं. त्या पैशात लोखंडी सम्प गार्ड बसव. मागे जाड अँटी-रोल बार टाकावा का, असं तू शेवटी विचारलंयस. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला तो वळणात हलकं करतो हे खरं, रेसवाल्यांच्यात आवडता आहे. पण ओल्या रस्त्यावर शेपूट लवकर सुटतं, आणि तुझ्या मागच्या सीटवर आजी असते. नको.

सुटे भाग घेताना एक लक्षात ठेव. तुझी गाडी, चौथी गोल्फ, पहिली ऑडी ए३ आणि टीटी एकाच पायावर उभ्या आहेत. कितीतरी भागांचे नंबर ‘वन-जे’ने सुरू होतात, ते मुळात गोल्फचे. स्कोडाचं चिन्ह असलेल्या खोक्यात जो शॉकअप मिळतो तो बऱ्याचदा सॅक्सचा, आर्म लेम्फर्डरचा, क्लच लुकचा. त्याच कंपन्यांच्या खोक्यात घेतलास तर स्वस्त पडेल.

आणि हो, ‘उद्यमनगरात बुश टर्न करून घेऊ का’ हा तुझा प्रश्न. पोरी, या गावात काय होत नाही? बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथे घडवला, ऑइल इंजिनं इथे झाली, मेनन यांच्या कारखान्यांतून पिस्टन आणि बेअरिंगं देशभर जातात. डिस्कवर हलका हात मारायचा, हेड प्लेन करायचं, घासलेल्या हबला स्लीव्ह घालायची, ही कामं वाय. पी. पोवार नगरच्या आसपास कुठेही मिळतील आणि नीट मिळतील. पण नायलॉनचा बुश टर्न करून लोअर आर्ममध्ये ठोकू नकोस. मूळचं रबर धक्का गिळतं. नायलॉन तो बॉडीपर्यंत पोचवतं, आणि स्टिअरिंगमधून हातात. कॅलिपरचा ब्रॅकेटही घरचा नको. कास्टिंग आपण उत्तम करतो, पण ब्रेकचा भाग किती वेळा तापला आणि थंड झाला की तडा जातो, हे तपासून बघितल्याशिवाय कुणी गाडीला लावू नये.

सायलेन्सर, स्पॉयलर, रंगीत दिवे यांवर मी फार बोलणार नाही, कायदा बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने मूळ रचना बदलता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. दंड एकेका बदलाला पाच हजार. दंडापेक्षा मला विमा कंपनीची भीती वाटते. न सांगितलेला रिमॅप निघाला की दावा नाकारायला त्यांना कारण आयतंच मिळतं. तुझी गाडी २००६ची, वीस पूर्ण होतायत. वीस वर्षांवरच्या कारच्या नोंदणी नूतनीकरणाला ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार फी आहे, पर्यावरण कर वेगळा. ते पैसे बाजूला काढ, नाहीतर सगळं करून गाडी आरटीओच्या दारात उभी राहील. हेडलाइटच्या पिवळ्या काचा पॉलिश करून घे आणि जाड वायरिंगसह रिले टाक, मूळच्याच बल्बचा उजेड वाढेल. एलईडी त्या रिफ्लेक्टरसाठी बनवलेला नाही, समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

पेट्रोलचं राहिलं. आता पंपावर ई-२० आहे, वीस टक्के इथेनॉल, त्यातलं काही आपल्याच साखर कारखान्यांचं. ऑक्टेन त्याचं चांगलं आहे, टर्बोला त्याचा त्रास नाही. पण २००६चे इंधनाचे होज आणि सील त्यासाठी केलेले नाहीत. जुन्या गाड्यांत काही रबरं बदलावी लागतील हे सरकारनेही मान्य केलंय. बदल, आणि महिनोन् महिने टाकीत तेच पेट्रोल ठेवून गाडी उभी करू नकोस.

एवढं करून थोडे पैसे उरतील. त्यात मोहितेंच्या रेसिंग ट्रॅकवर जाऊन कार्ट चालव. जे. के. टायरच्या राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे झाल्यात. आपल्या कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. कार्टला सस्पेन्शन नसतं, त्यामुळे ब्रेक कधी सोडायचा आणि स्टिअरिंग किती फिरवायचं याची चूक पाठीला लगेच कळते. रिमॅपला मी कायमचं नाही म्हणत नाही. वर्षभर गाडी दीडशेवर चालव, क्लच घसरत नाही, पाणी तापत नाही, पॅडल घट्ट राहतं असं दिसलं, तर मग विमा कंपनीला लेखी कळवून ये, मीच चांगल्या माणसाकडे नेतो.

तोवर रिमॅपवाल्याकडून ते पाच हजार परत माग. देत नसेल तर सोडून दे, पण गाडी त्याच्याकडे नेऊ नकोस.

तुझा,
मामा