एका माणसाचे अनेक आजार



आपल्या मंडळ्यांत प्रार्थनेसाठी जी नावे वाचली जातात, त्यांत बहुधा प्रत्येक नावापुढे एकच आजार असतो. यांना साखर, त्यांना टीबी, अमक्या आजींचे गुडघे. आपली मदतही त्याच पद्धतीने चालते. नेत्रशिबिर एका रविवारी, साखरेची तपासणी दुसऱ्या रविवारी, टीबीच्या घरी धान्य तिसऱ्या. पण बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या चुनापाड्यात किंवा आरेतल्या केलटीपाड्यात पन्नाशीच्या एखाद्या मावशींसमोर ही यादी घेऊन बसलो, तर त्यांचे नाव तीनचार ठिकाणी लिहावे लागेल. या अंकाच्या अभ्यासासाठी म्हणूनच हा विषय घेतला आहे.

दोन किंवा अधिक दीर्घकाळ चालणारे आजार एकाच व्यक्तीला एकाच वेळी असणे, याचा वैद्यकशास्त्रात आता स्वतंत्र अभ्यास होतो. कोविडच्या दिवसांत ‘सहव्याधी’ हा शब्द आपल्या सगळ्यांच्या कानांवर पडला, तो याच्याच जवळचा. इंडोनेशियात चाळिशीपुढच्या प्रौढांचा असा अभ्यास झाला, तेव्हा तिघांत एकाहून थोड्या अधिक लोकांना दोन किंवा जास्त आजार आढळले. आपल्याकडची मोठी पाहणी २०१७-१८ची. आपल्याच देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभरातील पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची माहिती घेतली. तिचा अहवाल जानेवारी २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे देशातील साठीपुढच्या सुमारे साडेसात कोटी लोकांना कोणता ना कोणता जुनाट आजार आहे आणि साठीपुढच्या २७ टक्क्यांना एकाहून अधिक.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. या पाहणीत जुनाट आजारांची नोंद मुख्यतः एका प्रश्नावर झाली: तुम्हाला हा आजार असल्याचे डॉक्टरांनी कधी सांगितले आहे का? उत्तर ‘नाही’ आले, की त्या रकान्यात आजार नाही. अशा मोजणीत शहरे खेड्यांपेक्षा आजारी दिसतात, सुस्थितीतील माणसे गरिबांपेक्षा आजारी दिसतात, केरळ इतर राज्यांच्या पुढे दिसतो आणि अनुसूचित जमाती सगळ्यांपेक्षा निरोगी दिसतात. यातले काही खरे आहे. बैठे काम आणि तेलकट खाणे शहरात जास्त, केरळात वृद्धही जास्त. पण ज्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा कधी बांधलाच गेला नाही, त्याला डॉक्टर काय सांगणार?

याचा पुरावाही आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या यंत्रणेने नऊ राज्यांतील आदिवासी प्रौढांचा रक्तदाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा जवळजवळ चारात एकाचा वाढलेला निघाला. त्यांपैकी आधीपासून ठाऊक असलेले दहात एकही नव्हते. ‘आदिवासी माणूस काटक असतो, त्याला बीपी-शुगर होत नाही’ हे वाक्य मी चर्चच्या आवारात, चांगल्या शिकलेल्या लोकांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. ते कौतुकाने म्हटले जाते हे खरे, पण त्या कौतुकामुळे तपासणीचे यंत्र पाड्यापर्यंत पोहोचत नाही.

आदिवासी आरोग्याविषयी डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१८मध्ये अहवाल दिला. कुपोषण आणि टीबी-मलेरियासारखे जुने आजार गेलेले नाहीत. त्यांच्या जोडीला बदलत्या राहणीबरोबर रक्तदाब, मधुमेह, कर्करोग आले आहेत. आणि शिवाय व्यसन व मानसिक आजार, असे चित्र तो मांडतो. मुंबईच्या उपनगरांतल्या पाड्यांना हे वर्णन तंतोतंत लागू पडते, कारण येथे जंगल आणि शहर एकाच उंबऱ्यावर आहे. नागली-वरईच्या जागी रेशनचा तांदूळ आला, कामावरच्या सुट्टीत वडापाव आणि गोड चहा आला. पावसाळ्यात शेवळे-करटोली अजून घरात येतात, पण थोडे दिवस. मिसरी मात्र बारा महिने. मरोळ-अंधेरीच्या इमारतींत झाडलोट करणाऱ्या किंवा भाजीची टोपली घेऊन स्टेशनबाहेर बसणाऱ्या बायकांचा दिवस पहाटे सुरू होतो. दुपारी घरोघर येणाऱ्या आरोग्यसेविकेला दार बंद मिळते.

एक उदाहरण मांडून पाहू. ते कोणा एका व्यक्तीचे नाही, भेटींत वारंवार दिसणारे आहे. मावशींना विचारले, काय होतंय? तर उत्तर ठरलेले: “काय नाय बाई, गुडघे दुखतात.” गुडघ्यांसाठी औषधाच्या दुकानातून सुट्या गोळ्या येतात, बहुतेक डायक्लोफेनॅक. ही गोळी महिनोन्‌महिने रोज घेतली तर रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. रक्तदाब आधीच वाढलेला असला तर दुहेरी नुकसान. त्यात साखर निघाली, तर तीही मूत्रपिंडावर भार टाकते. साखर ताब्यात नसलेल्या माणसाला टीबी होण्याचा धोका इतरांच्या दुपटीतिपटीने अधिक असतो. आणि टीबी झालाच, तर त्यावरच्या रिफाम्पिसिन या मुख्य औषधामुळे साखरेच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा आणि रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनचा परिणाम कमी होतो. म्हणजे मावशी गोळ्या नियमाने घेत असतात आणि तरी साखर चढते. मग घरचे म्हणतात, या गोळ्यांचा उपयोग नाही, बंद करा.

एकेका आजाराकडे स्वतंत्र पाहिले तर हे दिसतच नाही. टीबीचे डॉक्टर टीबीचे कागद पाहतात, साखरेचे डॉक्टर साखरेचे. दोघेही आपापले काम नीट करत असतात. पण दोन्ही कागद एकत्र पाहणारे त्या घरात कोणी नसते. शिवाय प्रत्येक आजाराचा वार वेगळा. टीबीचे केंद्र एकीकडे, रक्तदाबाची बाह्यरुग्ण खिडकी दुसरीकडे, डोळ्यांचा दिवस तिसराच. ज्यांची मजुरी रोजच्या हजेरीवर आहे, त्यांचे महिन्यात तीन खाडे होतात. तेव्हा माणूस निवड करतो. जो आजार दुखतो त्याला औषध, जो दुखत नाही त्याला पुढच्या महिन्यात. रक्तदाब आणि साखर दुखत नाहीत, म्हणून नेमके तेच मागे पडतात. याला अडाणीपणा म्हणणे मला पटत नाही. त्या घराच्या हिशेबात ती निवड अगदी समजण्यासारखी आहे.

आपल्या स्वयंसेवकांच्या हाती यातले बरेच काही आहे. शिबिराहून त्याला खर्च कमी आणि चिकाटी जास्त लागते. घरी गेल्यावर आजार विचारू नका, पिशवी मागा. प्रत्येक घरात औषधांची एक प्लास्टिकची पिशवी असते, खिळ्याला टांगलेली. ती चटईवर रिकामी करा, सगळ्या पट्ट्या पाहा, घरातल्या माणसाबरोबर नावे एका वहीत उतरवा. दुकानातल्या सुट्या गोळ्याही त्यात आल्या पाहिजेत. कोणतीही गोळी आपण बंद करायची नाही की सुरू करायची नाही. ती वही मात्र माणूस ज्या ज्या डॉक्टरांकडे जाईल त्या प्रत्येकासमोर उघडली गेली पाहिजे, आणि “यांना टीबीचे औषध चालू आहे” हे वाक्य तोंडी सांगितले गेले पाहिजे.

रक्तदाब मोजताना घाई नको. चढ चढून आलेल्या माणसाला पाच मिनिटे टेकून बसू द्या. पट्टा दंडाला, हात हृदयाच्या पातळीवर, बोलणे बंद, आणि दोन वेळा मोजणी. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० याच्या पुढे वारंवार गेला, तर दवाखान्यात पाठवा. निदान डॉक्टरांचे. महापालिकेने २०२२मध्ये सुरू केलेल्या ‘आपला दवाखाना’ केंद्रांत तपासणी आणि औषध मोफत मिळते. तिशीपुढच्या प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या कर्करोगासाठी, तसेच स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी करणे हा सरकारी कार्यक्रमच आहे. मिसरी लावणाऱ्या बहिणींच्या तोंडाची तपासणी मागून घ्या, ती सहसा राहून जाते.

सिकलसेलविषयी थोडे अधिक. जुलै २०२३पासून देशात त्याची राष्ट्रीय मोहीम चालू आहे आणि आदिवासी भागांतील चाळिशीपर्यंतच्या सर्वांची तपासणी हा तिचा गाभा आहे. पाड्यावरच्या तरुणांकडे सिकलसेलचे कार्ड असेल तर तेही वहीला जोडा. कारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी सिकलसेल किंवा मोठा अशक्तपणा असलेल्या व्यक्तीत चुकीचा आकडा देऊ शकते. डॉक्टरांना ते आधी कळले, तर ते उपाशीपोटीची साखर पाहून ठरवतील.

टीबीच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून दरमहा १,००० रुपये मिळतात. नोव्हेंबर २०२४च्या आधी ही रक्कम ५०० होती. पैसे थेट बँक खात्यात येतात, म्हणून खाते चालू आहे का हे पहिल्याच भेटीत पाहावे. त्या पैशांत काय आणायचे याचा सल्ला मात्र साखर पाहून द्यावा. टीबी झाला म्हणून गूळ, ग्लुकोजच्या पुड्या आणि बिस्किटे नेऊन देण्याची आपल्या मंडळ्यांत जुनी सवय आहे. साखर असलेल्या घरी त्याऐवजी अंडी, शेंगदाणे, डाळ, सुके मासे न्यावेत. रक्तदाबही असेल तर सुके मासे वगळावेत, त्यांत मीठ फार असते. नेण्याआधी वहीचे पहिले पान वाचायला दोन मिनिटे पुरतात.