पदर किती? मळसूत्री धाग्यांचा एक हिशेब

निसर्गात मळसूत्राच्या आकाराचे धागे पुष्कळ आहेत. एकसारखे प्रथिनरेणू थोडे वर चढत आणि थोडे वळत एकापुढे एक बसत गेले, की असा धागा तयार होतो. प्रत्येक रेणू मागच्यापेक्षा किती चढला आणि किती अंश वळला, हे दोन आकडे म्हणजे त्या धाग्याची सममिती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या सपाट चित्रांवरून त्रिमितीय आकृती उभी करायची तर हे आकडे ठरवावेच लागतात. १९६८ मध्ये केंब्रिजला डीरोझिए व आरन क्लूग यांनी टी-४ या जिवाणुभक्षक विषाणूच्या शेपटीची अशी आकृती प्रथम उभी केली. अडचण अशी, की एकाच चित्राला दोन-तीन सममिती लागू पडतात. त्यांतली खरी कोणती?

सुट्टीत मी सुरतेला मामांच्या पेढीवर वह्या लिहितो. ही अडचण मला तेथल्या जरीवरून उमगली. (कन्नडमध्येही तिला जरीच म्हणतात.) रेशमी दोऱ्यावर धातूची चपटी पट्टी, म्हणजे बादला, गुंडाळून जर बनते. आता समजा, वेढे विरळ आहेत, दोरा काचेसारखा पारदर्शक आहे आणि आपल्याला फक्त त्याची सावली दिसते. वेढ्यांमधले अंतर मोजता येईल. पण पट्टी एकच की शेजारी शेजारी दोन? त्याला एक खूण आहे. पट्टी एकच असेल तर डाव्या कडेचे टोक उजव्या कडेच्या दोन टोकांच्या मधोमध येते. दोन असतील तर टोके समोरासमोर येतात. कागदाच्या सुरळीवर दोरा गुंडाळून पाहा, लगेच पटेल. मात्र पट्ट्या तीन असतील तर टोके पुन्हा मधोमध! एक आणि तीन यांचा निवाडा तिरकेपणावरून करावा, तर धाग्याची जाडी ठाऊक हवी. आणि धूसर चित्रात रेणू अक्षापासून नेमका किती दूर आहे, तेच कळत नाही. वेढे उजवे की डावे, हे तर सावलीत मुळीच दिसत नाही.

निपाणीकडच्या वाचकांना तंबाखूची ओळख करून द्यायला नको. तंबाखूच्या पानावर पडणाऱ्या मोझॅक रोगाचा विषाणू असाच मळसूत्री आहे. क्ष-किरणांच्या चित्रांवरून एवढे कळले होते, की दर तीन वेढ्यांनी रचना जशीच्या तशी पुन्हा येते आणि एका वेढ्यातील रेणूंची संख्या पूर्णांक अधिक एक तृतीयांश आहे. पण तो पूर्णांक कोणता? १९५५ च्या सुमारास रोझालिंड फ्रँकलिन यांचा अंदाज तीन वेढ्यांत ३७ रेणूंचा, म्हणजे वेढ्याला १२⅓ होता. पुढे रेणूंना पाऱ्याचा अणू जोडून पाहिल्यावर १९५८ मध्ये ४९, म्हणजे १६⅓, हा आकडा पक्का झाला. बाकी दोन्हीकडे तीच. भागाकार मात्र निराळा.

वाणिज्य शाखेच्या मित्रांनी येथे तेरीज आठवावी. यंत्राची खरेदी मालाच्या खात्यावर टाकली तरी तेरीज जुळते. तसेच चुकीची सममिती लादली तरी संगणक सुबक आकृती देतो. चित्रांचे दोन गट करून दोन आकृत्या काढल्या तर त्या एकमेकींशी जुळतातही, कारण दोहोंवर तीच चूक लादलेली असते! म्हणून पुरावा वहीबाहेरचा हवा. प्रथिनातील अल्फा मळसूत्राचा वेढा ५.४ आंगस्ट्रॉमचा असतो (एक आंगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग). आकृती पुरेशी सूक्ष्म असेल तर तो वेढा तिच्यात दिसलाच पाहिजे. नसेल तर धाग्याच्या ठराविक लांबीचे वजन काढून रेणू मोजतात. मला हा दुसरा मार्ग अधिक भावतो. तो गोदामात उतरून माल मोजण्यासारखा आहे.

पेशीत विषाणू शिरल्याची वर्दी पुढे पोचवणारे मॅव्हस नावाचे एक प्रथिन आहे. त्याचे रेणू एकमेकांना चिकटून धागा होतो आणि गजर वाढतो. कोणता रेणू कोणाला कोठे चिकटतो, हे सममितीवर ठरते. २०१४ मध्ये दोन गटांनी या धाग्याची रचना प्रसिद्ध केली. एकाने तीन पदर सांगितले. दुसऱ्याने एकच, दर रेणूला ५.१ आंगस्ट्रॉम चढणारा व सुमारे १०१ अंश वळणारा. व्हर्जिनिया विद्यापीठाचे एडवर्ड एगेलमन यांनी तीन पदर सांगणाऱ्या गटाचीच मूळ चित्रे घेऊन नव्याने आकृती काढली, तेव्हा पदर एकच निघाला. २०१५ मध्ये त्या गटानेही आपली दुरुस्ती छापली.