शंका-समाधान : मोफत वकील कुणाला, कसा?

प्रश्न : थोरल्या भावाने जमिनीच्या वाटपाचा दावा लावला आहे. त्यात मलाही प्रतिवादी केलंय. समन्स परवा मिळालं. यजमान शिक्षक आहेत, पगार बरा आहे. तरी मला मोफत वकील मिळेल का?
— एक भगिनी, सांगोला

उत्तर : मिळेल, ताई. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अटच नाही. यजमानांचा पगार मध्ये येत नाही. मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतले लोक यांनाही ही अट नाही. महाराष्ट्रातली वार्षिक 3 लाखांची मर्यादा बाकीच्यांसाठी आहे.

तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समितीचं काम चालतं. साध्या कागदावर अर्ज करा. समन्स, दाव्याची प्रत आणि आधार कार्ड जोडा. अर्जाची पोच घ्या. अर्जावर 7 दिवसांत निर्णय व्हावा असा नियम आहे. तरीही तारखेच्या आदल्या दिवसापर्यंत थांबू नका. समन्स लागल्यापासून 30 दिवसांत कैफियत द्यायची असते. कारण सांगितलं तर कोर्ट मुदत वाढवतं, पण साधारणपणे एकूण 90 दिवसांच्या पुढे नाही. कैफियत गेली नाही, तर तुमची बाजू न ऐकताच दावा पुढे सरकू शकतो.

प्रश्न : समितीने वकील दिले. पण टायपिंग, स्टॅम्प, चहापाणी म्हणत ते दर तारखेला पैसे मागतात. नाही दिले तर पुकाऱ्याच्या वेळी उभे राहणार नाहीत, ही भीती.
— एक शेतमजूर, किनवट

उत्तर : देऊ नका. पॅनेलवरच्या वकिलांची फी समिती देते. कोर्ट फी, समन्स बजावणीचा खर्च, टायपिंग, कागदपत्रांचं भाषांतर, निकालाच्या नकला हे सगळं या मदतीतच धरलेलं आहे. तुमच्याकडून एक रुपयाही घेणं नियमाबाहेर आहे.

तालुका समितीच्या अध्यक्षांकडे लेखी तक्रार द्या. हे अध्यक्ष म्हणजे तिथलेच न्यायाधीश. तिथे भागलं नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे जा. तेही न्यायाधीशच असतात. ‘वकील त्रास देतात’ एवढंच मोघम लिहू नका. कोणत्या तारखेला, किती रुपये, कशासाठी मागितले ते लिहा. त्याच अर्जात दुसरा वकील मागता येतो.

प्रश्न : पुतण्याला मोटारसायकल चोरीच्या संशयावरून रात्री उचललं. वकील कुठे शोधायचा?
— एक काका, भुसावळ

उत्तर : अटकेपासून 24 तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावंच लागतं. त्या पहिल्याच रिमांडच्या वेळी त्याला सरकारी खर्चाने वकील मागता येतो. वकील करायची ऐपत नसलेल्याला तो देणं ही शासनाची जबाबदारी असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 1981 सालच्या खत्री खटल्यात बजावलं आहे. फौजदारी प्रकरणांसाठी आता जिल्हा न्यायालयांत लोकअभिरक्षक कार्यालयं आहेत. तिथले वकील पगारी असून आरोपींचा बचाव हेच त्यांचं काम. तिथे पोहोचणं शक्य नसेल तर 15100 या मोफत क्रमांकावर फोन करा आणि पोलीस ठाण्याचं नाव, अटकेची वेळ सांगा.

प्रश्न : वकिलाकडे जाण्याआधी कायदा स्वतः वाचायचा आहे. पुस्तकं परवडत नाहीत.
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर केंद्राचे आणि राज्यांचे कायदे फुकट वाचता येतात. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ‘ई-एससीआर’वर 2023 पासून मोफत आहेत. आपल्या खटल्याची पुढची तारीख ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ अ‍ॅपवर 16 अंकाक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की दिसते.

सेकंड हँड पुस्तक घेताना मात्र जपून. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कलमांचे क्रमांक बदलले. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनाच कायदा लागतो. म्हणून आधी गुन्ह्याची तारीख बघा, मग कलम शोधा. आणि वाचून झाल्यावरही समितीच्या वकिलाचा सल्ला जरूर घ्या. नुसता सल्लासुद्धा याच मोफत सेवेत मिळतो, त्यासाठी खटला चालू असावा लागत नाही.