गादीवाफा : थोड्या जागेंत घरापुरती भाजी

ज्यांच्या नांवावर गुंठाभरही जमीन नाहीं, त्यांच्यापाशीं भाजीपाल्याची गोष्ट काढली म्हणजे बहुधा एकच उत्तर मिळतें : “जागा कोठें आहे?” हें उत्तर खोटें नाहीं, परंतु पुरतें खरेंही नाहीं. घराच्या मागें, न्हाणीच्या शेजारीं, दहा फूट लांब व चार फूट रुंद एवढी जागा पुष्कळ अंगणांत निघूं शकते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्या मानानें ही चाळीस चौरस फुटांची जागा गुंठ्याचा सत्ताविसावा हिस्सा होय. तेवढीच नीट केली, तर पाणी असेल त्या महिन्यांत आठवड्यांतून दोन-तीन वेळां ताजा पाला घरांत येतो.

ह्या पाल्याचें महत्त्व किती आहे? २०१९ ते २०२१ ह्या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या देशांतील १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रियांस रक्तक्षय असल्याचें आढळून आलें. ह्याचीं कारणें अनेक आहेत, आणि केवळ भाजीनें तो बरा होईल असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यांस डॉक्टरांनीं गोळ्या दिल्या आहेत, त्यांनीं त्या सोडूं नयेत. तथापि भाकरी व ठेचा एवढ्यावरच जें घर दिवस काढतें, त्या घराच्या ताटांत मेथी, माठ किंवा शेवग्याचा पाला पडणें ही लहान गोष्ट नव्हे. वर लिंबाची फोड पिळली असतां पाल्यांतील लोह अंगीं अधिक लागतें.

आतां वाफा कसा करावा तें सांगतों. रुंदी चार फुटांहून अधिक नसावी. कारण दोन्ही बाजूंनीं बसून हात मध्यापर्यंत पोंचला पाहिजे. भिंतीला लागून वाफा करावयाचा असेल, तर रुंदी दोन फूटच ठेवावी. प्रथम वरची फूटभर माती काढून बाजूस ठेवावी. तिच्या खालचा थर कुदळीनें किंवा पहारेनें जागच्या जागींच फूटभर भुसभुशीत करावा. तो वर आणूं नये, कारण त्यांत कस नसतो. मग वरच्या मातींत चांगलें कुजलेलें शेणखत निदान तीन घमेलीं मिसळून ती परत भरावी. भोंवतालच्या वाटेची मातीही ओढून घ्यावी, म्हणजे वाफा वाटेहून सुमारें अर्धा फूट उंच होतो. शेण कच्चें घालूं नये. त्यानें हुमणी व वाळवी ओढली जाते.

एवढें झाल्यावर त्या वाफ्यांत कोणींही पाय ठेवूं नये. मुलांनीं नाहीं, पाहुण्यांनीं नाहीं, आणि खुरपणाऱ्यानेंही नाहीं. मातीच्या कणांमध्यें हवेच्या ज्या पोकळ्या असतात, त्या पावलानें दाबून जातात, आणि मग मुळें खालीं न जातां आडवींच पसरतात. मुळें खोल गेलीं म्हणजे रोपें जवळ जवळ लावतां येतात. कांदा चार-पांच इंचांवर लावावा. वांग्याला मात्र दोन फूट द्यावेच. ओळी समोरासमोर न ठेवतां एका ओळींतील रोप दुसऱ्या ओळींतील दोन रोपांच्या मधोमध येईल असें लावावें. मोठ्या झालेल्या रोपांचीं पानें एकमेकांस टेंकलीं म्हणजे जमिनीवर सांवली होते, ओल टिकते व तणास वाव राहत नाहीं.

ही दाट लागवड नवी नाहीं. एकोणिसाव्या शतकांत पॅरिस शहराच्या आसपासचे माळी लहान लहान वाफ्यांवर कांचेच्या घंटा झांकून भर थंडींतही भाजी काढीत. त्यांच्या कृतीचें पुस्तक १८४५ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें ॲलन चॅडविक नांवाच्या इंग्रज माळ्यानें ह्याच वळणाची बाग १९६७ सालीं कॅलिफोर्नियांतील सांताक्रुझ येथील विद्यापीठांत लावली. परंतु पॅरिसकरांचें खरें भांडवल होतें तें शहरांतील घोड्यांची लीद. मोटारी आल्या, घोडे गेले, आणि तो धंदाही ओसरला. म्हणून आमचें मत असें आहे कीं, किती वाफे करावे हें जागेवरून ठरवूं नये. घरीं खत किती व पाणी किती, ह्यावरून ठरवावें. शेणाच्या गोवऱ्या होत असतील, तर त्या चुलीचा विचार आधीं करावा लागेल हें आम्ही जाणतों. अशा घरानें पालापाचोळा, भाज्यांचीं देंठें व चुलीपुढचा केर ह्यांचा लहान खड्डा करावा. ओलावा राखल्यास तीन-चार महिन्यांत खत होतें. काळ्या जमिनींत राख फार टाकूं नये. कोंकणांतील आंबट तांबड्या मातीला ती मानवते.

पाण्याचा हिशेब असा. भर उन्हाळ्यांत एका वाफ्यास दररोज २० ते २५ लिटर पाणी लागतें, म्हणजे पंधरा लिटरांचा एक हंडा व वर निम्मा. हा हंडा कोणाच्या डोक्यावरून येणार, हें घरांतील पुरुषांनीं आधीं विचारांत घ्यावें. विहीर दूर असेल, तर स्नानाचें पाणी वाफ्याकडे वळवावें. तें मुळाशीं सोडावें, पाल्यावर उडूं देऊं नये. कपडे धुतलेलें खाराचें पाणी काळ्या मातीला बाधतें; तें नकोच.

उंचवट्याविषयींही अंधपणें वागूं नये. कोंकणांत १०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेथें वाफा फूटभर उंच असला तरी चालेल. देशावर काळ्या जमिनींत पावसाळ्यांत पाणी सांचून मुळें गुदमरतात, म्हणून तेथेंही त्या दिवसांत गादीवाफा बरा. परंतु अहिल्यानगराकडील (पूर्वीचें अहमदनगर) कोरड्या मुलखांत चैत्र-वैशाखांत उंच वाफ्याच्या कडा लवकर वाळतात. तेव्हां वाफा सपाट करून कडेला बांध घालावा, आणि वर उसाचें पाचट किंवा वाळलेलें गवत पसरावें.

पेरणी एकदम करूं नये. वाफ्याचे चार भाग करून दर आठवड्यास एका भागांत मेथी टाकावी. ती चार आठवड्यांत उपटण्याजोगी होते, आणि पहिला भाग रिकामा होतांच पुन्हां पेरतां येतो. पालक मुळासकट उपटूं नये. कापला म्हणजे पुन्हां फुटतो. मधून मधून गवार किंवा चवळी घ्यावी; त्यांच्या मुळांवरील गांठी हवेंतील नत्र धरून ठेवतात. झाड काढतांना तें जमिनीलगत कापून मुळें मातींतच राहूं द्यावीं.

मावा पडल्यास ५० ग्रॅम लिंबोळ्यांची पूड एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवून गाळावी, त्यांत थोडा साबण कालवावा, व सायंकाळीं शिंपडावें. मात्र शेळी व कोंबडी ह्यांवर हा उपाय चालत नाहीं. त्यांच्यासाठीं बाभळीच्या फांट्यांचें कुंपण पेरणीच्या आदल्या दिवशींच घालावें; कोंब वर आल्यावर घातलेलें कुंपण बहुधा शेळीच्या मागून येतें.