कर्म खरं, पण कोणत्या जन्माचं?

प्रश्न : वर्ण जन्मावरून नाही, गुणकर्मावरून ठरतो, असं गीतेचा हवाला देऊन आमचे आजोबा सांगतात. पण कुणाच्या वाट्याला दुःख आलं की 'गेल्या जन्मीचे भोग' असंही तेच म्हणतात. मग माणूस कुठल्या घरात जन्मतो तेही कर्मानंच ठरत असणार. तर नेमकं काय ठरवतं, जन्म की कर्म?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : आजोबांना तुम्ही अगदी बरोबर पेचात पकडलं आहे. हा पेच त्यांचा एकट्याचा नाही. 'जन्म की कर्म' असा वाद घालताना आपण एक गोष्ट विचारायची विसरतो : कर्म म्हणजे कोणत्या जन्माचं?

गीतेच्या चौथ्या अध्यायातल्या तेराव्या श्लोकात चार वर्णांचा आधार गुण आणि कर्म असा सांगितला आहे. हे कर्म या जन्मातलं मानलं, तर जन्माचा मुद्दाच उरत नाही. पण ते मागच्या जन्मातलं मानलं, तर जन्म हा त्याचा निकाल ठरतो आणि तोच श्लोक जातीला भक्कम आधार देतो. छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात ही दुसरी बाजू उघडपणे येते. चांगलं वागणाऱ्यांना ब्राह्मण, क्षत्रिय किंवा वैश्य योनी मिळते. वाईट वागणाऱ्यांना कुत्रा, डुक्कर किंवा चांडाळाची.

महाभारताच्या एकट्या वनपर्वात दोन्ही बाजू सापडतात. अजगर झालेला नहुष भीमाला विळख्यात धरून युधिष्ठिराला विचारतो, ब्राह्मण कोण? युधिष्ठिर सत्य, दान, क्षमा, दया असे गुण सांगतो. ते शूद्राच्या ठायी असतील तर तो शूद्र नव्हे आणि ब्राह्मणात नसतील तर तो ब्राह्मण नव्हे, इतकं स्पष्ट बोलतो. याच पर्वात मिथिलेचा एक खाटीक, धर्मव्याध, कौशिक नावाच्या ब्राह्मणाला धर्म शिकवतो. इथे जात हरली असं वाटतं ना वाटतं तोच व्याध आपली पूर्वकथा सांगतो : मागच्या जन्मी तो ब्राह्मणच होता, त्याचा बाण चुकून एका ऋषीला लागला आणि शापानं या जन्मात आला. खाटकाच्या शहाणपणालाही मागच्या जन्मीचा ब्राह्मण शोधावा लागला!

आपल्याकडे हा वाद एकाच घरात झाला. मंगळवेढ्याच्या चोखोबांच्या नावावर एक अभंग आहे. महार म्हणून आलेला जन्म हे पूर्वी केलेल्या कृष्णनिंदेचं फळ, असं त्यात म्हटलं आहे. त्यांचा मुलगा कर्ममेळा. त्याच्या नावातच कर्म आहे, पण बापाचं हे उत्तर त्याच्या अभंगांत नाही. हीन जातीत घालून जन्मभर उष्ट्यावर जगायला लावल्याबद्दल तो थेट देवालाच जाब विचारतो. बाप स्वतःचा मागचा जन्म तपासतो, मुलगा विठोबाची उलटतपासणी घेतो.

आता आजोबांच्या पहिल्या वाक्याकडे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी भाषण लिहिलं. मंडळानं परिषद रद्द केली, म्हणून त्यांनी ते स्वतः छापलं. त्यात ते गुणांवर आधारलेल्या चातुर्वर्ण्याचाही समाचार घेतात. गुणच पाहायचे असतील तर ब्राह्मण, शूद्र ही जन्माची ओळख चिकटलेली जुनी नावं कशाला ठेवायची? आणि जन्मानं वरच्या जागी बसलेल्याला, गुण नाहीत म्हणून, खाली उतरवणार कोण? या दुसऱ्या प्रश्नाशी गुणकर्माचं तत्त्व अडखळतं. पोथीत ते कितीही सुंदर असलं, तरी गुण तपासून वर्ण बदलून देणारी कचेरी आपल्या गावात कधी नव्हती. बारशाच्या दिवशी मूल काही करून दाखवत नाही, पण त्याची जात तोवर ठरलेली असते.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं : ग्रंथांत दोन्ही आहे, व्यवहारात मात्र जन्म जिंकला आणि त्याला मागच्या कर्माची साक्ष मिळाली. ती साक्ष सोयीची, कारण तिची उलटतपासणी कुणालाच घेता येत नाही. पुढच्या वेळी आजोबा 'कर्म' म्हणाले, की वाद घालू नका. फक्त विचारा, "आजोबा, या जन्मातलं ना?"