घर किती चौरस फुटांचे?



धारावीच्या पुनर्विकासाचा विषय निघाला की आपण आधी विचारतो, घर किती चौरस फुटांचे मिळणार? पात्र कुटुंबाला धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर मोफत, असे जाहीर झाले आहे. मात्र पात्र म्हणजे १ जानेवारी २००० पर्यंतचा, तळमजल्यावरचा रहिवासी. त्याच्याच माळ्यावर राहणाऱ्याला धारावीबाहेर घर, तेही भाडे-खरेदी तत्त्वावर. दोघांमध्ये अंतर एका शिडीचे!

शिवाय धारावीत घर आणि कामाची जागा एकच असते. कुंभारवाड्यात चाक घरात, भट्टी दारात. बायका पापड लाटून गल्लीतल्या उन्हात वाळवतात. बाराव्या मजल्यावर भट्टी कुठे पेटवायची? गळके छप्पर आणि संडासाची रांग कुणालाच नको, हेही खरे. (झोपडीचे कौतुक बहुधा तिथे न राहणारेच करतात.)

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात, परिच्छेद १५२ मध्ये, या प्रश्नाला हात घातला आहे. गरिबांना हलवावेच लागले तर आधी पुरेशी माहिती द्यावी, चांगल्या घरांचे पर्याय ठेवावेत आणि निर्णयात त्यांना सामील करून घ्यावे, असे ते सांगतात. माळ्यावरच्या कुटुंबांना यातले काय मिळाले, हे आपण विचारायला हवे.